तांबडा आणि मुका एका जिल्दीत

कोण जिंकेल, असं विचारणाऱ्या माणसांचा मला लहानपणापासून राग येतो. दोन कंपन्यांच्या कॉमिक्समधले दोन हिरो एकत्र आणायची कल्पना काढली की लोकांचा पहिला प्रश्न हाच. कुणाची ताकद जास्त? कोण कुणाला लोळवेल? अरे बाबांनो, ते दोघं पहिल्यांदाच भेटताहेत, एकाला दुसऱ्याची भाषा समजते का ते तर बघा. जेवणार काय, झोपणार कुठे, आणि काम उरकल्यावर कुणी कुणाच्या घरी राहायचं, हे कुणी विचारत नाही. बेल्ह्याच्या बाजारात बैलाचा जबडा उघडून दात मोजतात, तसे हिरोंचे दंड मोजायचे आणि मोकळं व्हायचं. मी या बाबतीत फटकळ आहे, आणि त्याला कारण आहे.

आमचं गाव राजुरी. घरी गाई, कांदा, थोडा ऊस. आजोळ जुन्नरला. मे महिन्यात आई मला आणि माझ्या भावाला मामाकडे सोडून जायची. भाऊ माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. घरात त्याला सगळे बारक्या म्हणायचे, तेव्हा इथेही बारक्याच. मामाच्या घरापासून चार दारं सोडून एका म्हाताऱ्या चाचांचं बाइंडिंगचं दुकान होतं. त्यांच्या घराण्यात पूर्वी कागद बनवत, आता ते दुसऱ्यांचा कागद शिवायचे. शाळेची पुस्तकं, देवळातल्या पोथ्या, मशिदीतली पुस्तकं, सगळं त्यांच्याकडे शिवायला यायचं. दुकानात पुठ्ठे चिकटवायच्या खळीचा आंबट वास भरलेला असायचा. आणि चाचा कॉमिक्सही भाड्याने द्यायचे.

नवीन कॉमिक्स घ्यायला त्यांना परवडत नसणार. रद्दीत आलेली, कव्हर गेलेली, पुढची-मागची पानं सुटलेली कॉमिक्स ते गोळा करायचे आणि पाच-सहा मिळून एक जाड जिल्द बांधायचे, म्हणजे पोरांनी कितीही ओढाताण केली तरी फाटू नये. पाठीला कापडी पट्टी, वर करडा पुठ्ठा. नाव नाही, चित्र नाही. बाहेरून बघितलं तर एखाद्या पोथीसारखंच दिसायचं, त्यामुळे मामी आम्हाला कधी ओरडली नाही.

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट असेल. आम्ही पहिली जिल्द आणली. तिच्यात एका मोठ्या शहरातला, लाल अंगरखा घातलेला हिरो होता. तो हिंदीत बोलायचा. शेवटच्या पानावर कुणीतरी त्याला उंच टाकीवरून ढकलतं आणि तो खाली पडत असतो. पान उलटलं, तर डोंगरातल्या लेण्यात राहणारा, तोंडाला फडकं बांधलेला एक धिप्पाड माणूस हात वर करून उभा. हा मराठीत बोलायचा, तेही मोजकंच. त्यांची छापील नावं मोठी आणि भपकेबाज होती. आम्ही त्यांना तांबडा आणि मुका म्हणू लागलो.

आता कुणी म्हणेल, एक हिंदी, एक मराठी, चित्रं वेगळी, रंग वेगळे, तरी तुम्हाला कळलं कसं नाही? नाही कळलं. जुन्नरच्या बाजारपेठेत उभं राहून बघा. चाचा हिंदीत दर सांगायचे, मामी मराठीत घासाघीस करायची, आणि दोघांचं बरोबर जमायचं. अर्धं गाव असं बोलतं, अर्धं तसं. मग तांबडा हिंदीत ओरडला आणि मुक्याने मराठीत उत्तर दिलं, तर त्यात खटकण्यासारखं काय होतं? आम्हाला वाटलं, तांबडा पडला आणि मुक्याने त्याला झेलला. दुसरं काय असणार!

"पन तो शेरातनं हितं डोंगरात कसा आला?" बारक्याने विचारलं.

गळालेल्या पानांचं काय ते आता मीच बघायचं होतं. मी सांगितलं की टाकी फार उंच होती, इतकी उंच की पडता पडता त्याला वारा लागला आणि वाऱ्याने त्याला नाणेघाटाकडे आणलं. बारक्याला पटलं. मग पुढच्या जिल्दीत आणखी एक फट आली, तिथेही मी काहीतरी सांगितलं. ज्याला गोष्ट रचणं म्हणतात ते मला चाचांच्या सुईने शिकवलं. दोन न जुळणाऱ्या पानांमध्ये काय घडलं असेल, ते सांगायचं.

सुट्टी संपून राजुरीला आलो तरी आमचं थांबलं नाही. डेअरीचं मोठं कॅलेंडर यायचं, त्याचा महिना संपला की मागची कोरी बाजू आमची. दुपारी गोठ्याच्या सावलीत बसून मी बोलायचे आणि बारक्या काढायचा. त्याचा हात खरोखर सुंदर होता, हे मी रागातही नाकारणार नाही. मुक्याच्या मागे तो शिवनेरी काढायचा, कारण डोंगर म्हटला की त्याला तेवढाच पाठ होता. मला बोलताना हात रिकामे ठेवायची सवय नाही. आण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, दाढी करून टाकलेलं ब्लेड घ्यायचं आणि गोष्ट सांगता सांगता त्याच्या पेन्सिलींना टोक करून द्यायचं, हे माझं चालू असायचं. तो खाली कागदाकडे बघत असायचा. वर बघितलं की त्याला माझे हात आणि ब्लेड दिसायचं.

दोन-तीन सुट्ट्या अशा गेल्या. मग एका मे महिन्यात पुण्याचा मावसभाऊ मामाकडे आला. आमच्याहून थोडा मोठा, पायात पांढरे बूट, आणि सगळं ठाऊक. आम्ही त्याला मोठ्या कौतुकाने जिल्द दाखवली. त्याने चार पानं उलटली आणि पोट धरून हसायला लागला.

"अगं ए येडे, ही दोन वेगळ्या कंपन्यांची कॉमिक्स आहेत. हा त्यांचा हिरो, हा ह्यांचा. हे दोघं कधी भेटूच शकत नाहीत. कुणीतरी एकत्र शिवून ठेवलंय."

बारक्याचा चेहरा उतरला. मला तर थोबाडीत बसल्यासारखं झालं. मी जिल्द उचलली आणि तडक दुकानात गेले. चाचा मांडीवर कागदाची गड्डी घेऊन दाभणाने भोकं पाडत होते.

"चाचा, ह्ये दोगं एकाच गोष्टीतलं हायेत का न्हाईत?"

त्यांनी चष्मा वर केला, जिल्द बघितली. आम्हा पोरांशी ते मराठीतच बोलायचे. "साइज सारकी व्हती, म्हून एकत्र बांदली."

"पन कंपन्या येगळ्या हायेत म्हनं."

"मंग? येगळी येगळी बांदायची म्हंजे दोन पुठ्ठे लागत्यात पोरी. तुजा बाप देनार हाय का पुठ्ठा?" आणि पुन्हा दाभण कागदात घातलं.

एवढंच. पुठ्ठा वाचावा म्हणून दोन जगं एकत्र आली होती. कुणाला यात निराशा वाटेल. मला नाही वाटली. परत येताना माझ्या डोक्यात एकच घोळत होतं: भेटू शकत नाहीत म्हणतात, आणि भेटले तर आहेत. शिवलंय म्हणून भेटले. मग गोष्ट या शिवणीचीच करायची.

त्या दिवसापासून आमची खरी गोष्ट सुरू झाली. आधी चुकून चालली होती, आता जाणूनबुजून. तांबड्याचं जग आणि मुक्याचं जग एका दोऱ्याने शिवलेलं आहे. ज्या भोकांतून दोरा गेला, तिथूनच दोघं एकमेकांकडे ये-जा करतात. तांबड्याला मुक्याकडची भाकरी चावत नाही, मुक्याला शहरातली लिफ्ट सहन होत नाही. दोघं मिळून अनेकांना वठणीवर आणतात. मग एक दुष्ट माणूस येतो. त्याला मारामारी करायची नसते. तो फक्त दोरा ओढतो. एकेक टाका सुटत जातो. दोरा पुरता निघाला की दोन्ही जगं सुटी होणार आणि दोघांनाही एकमेकांची आठवण राहणार नाही. दोरा थांबवायचा एकच उपाय: दोघांपैकी एकाने आपलं पुस्तक कायमचं सोडून दुसऱ्याच्या पुस्तकात राहायला जायचं.

कुणी जायचं? हा आमच्या गोष्टीचा प्रश्न होता. कोण जिंकतं, हा नव्हता.

बारक्या रोज विचारायचा, "तायडे, कोन जातं गं?" मी म्हणायचे, "तू तितवर काढ, मंग सांगते." खरं म्हणजे मलाही ठाऊक नव्हतं. पण पेन्सिल त्याच्या हातात होती, निदान शेवट तरी माझ्या हातात असू दे, असं मला वाटायचं. त्या वयातही तेवढं कळत होतं.

बारक्या आठवीत गेला तेव्हा आण्णांनी त्याला जुन्नरच्या शाळेत घातलं, मामाकडे ठेवलं. तिथलं इंग्रजी चांगलं होतं म्हणे. माझं इंग्रजी कसं आहे हे कुणी तपासलं नाही. "पोरीला गावातली शाळा बास," आण्णा म्हणाले, आणि आई भाकरी थापत राहिली. बारक्या शनिवारी एसटीने यायचा, दप्तरात चाचांची जिल्द आणायचा. मी आठवडाभर गाईंच्या धारा काढताना पुढचा भाग मनात जुळवून ठेवलेला असायचा. शनिवार-रविवारी मी सांगायचे, तो काढायचा, आणि सोमवारी पहाटे कागद गुंडाळून घेऊन जायचा. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. चित्रं त्याची, तो नेणारच.

तो नववीत असताना एका शनिवारी म्हणाला, "तायडे, तुजी लाल वडनी दे. शाळंला पायजे." मी दिली. पुढच्या आठवड्यात त्यांच्या शाळेचं गॅदरिंग होतं. आम्ही तिघं जीपने गेलो. मांडवात पुढच्या सतरंजीवर बसलो. पडदा उघडला, आणि एक पोरगा माझी ओढणी पाठीला बांधून स्टेजवर आला. समोर एक तोंडाला फडकं बांधलेला. मागे पुठ्ठ्यावर काढलेला शिवनेरी. इतकं छान वाटलं मला, खरंच सांगते. वाटलं, बारक्याने मला न सांगता हे सगळं माझ्यासाठी केलंय.

गोष्ट पुढे गेली. दोरा ओढणारा आला. आणि मग, शेवट ठाऊक नसल्यामुळे, पोरांनी तांबडा आणि मुका यांची कुस्ती लावली. कोण जिंकेल! मांडव शिट्ट्यांनी भरून गेला. तांबड्याने मुक्याला पाडलं, त्याच्या छातीवर पाय ठेवला, माझी ओढणी स्टेजवरच्या धुळीत लोळत होती. पाहुण्यांनी भाषणात बारक्याचं कौतुक केलं. इतक्या लहान मुलाच्या डोक्यात दोन वेगळ्या जगांची कल्पना आली कुठून, असं ते म्हणाले. बारक्याला पुढे बोलावून पुष्पगुच्छ दिला. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. आण्णांनी शेजारच्या माणसाला सांगितलं, आमचा पोरगा हाय.

स्टँडवर मी त्याला धरला. "ती गोष्ट माजी व्हती."

"चित्रं माजी व्हती ना?"

"मंग दोगांची म्हनायचं. येकदा म्हनायचं तरी."

"बहिनीनं सांगितली म्हनलो असतो तर पोरं लई हसली असती राव. शाळंत तसलं न्हाई चालत."

आण्णा मध्ये पडले. "आगं, घरातलं घरात. त्याचं नाव झालं म्हंजी तुजंच झालं की." आईने मला भेळ घेऊन दिली. भेळ चांगली होती, आणि मला ती सगळी खावीशी वाटली, याचा मला अजून संताप येतो.

तरी मी सांगत राहिले. लोक विचारतील, का? दुसरं होतं काय माझ्याकडे? गोष्ट मला हवी होती आणि चित्र काढणारा हात त्याचाच होता. मला एवढंच हवं होतं की गोष्ट पुरी व्हावी, आणि ती आम्हा दोघांची आहे, हे त्याने एकदा कुणासमोर तरी तोंडाने म्हणावं. यात मी फार मागत होते असं मला आजही वाटत नाही.

तो दहावी-बारावी करत राहिला, मी बारावी झाले आणि दोन वर्षांनी माझं लग्न ठरलं. स्थळ अवसरी खुर्दचं, आंबेगाव तालुक्यातलं. घरची बागायती. नारायणगाव, मंचर ओलांडून जायचं, फार लांब नाही, असं सगळे म्हणाले. फार लांब नाही हे सांगताना माणसं नेहमी जाणाऱ्याकडेच बघतात. तोवर कागदावर गोष्ट शेवटच्या टाक्यापर्यंत आली होती. एकच टाका उरलेला, दोरा ताणलेला, तांबडा आणि मुका भोकाच्या दोन बाजूंना उभे.

आणि शेवट मला हळदीच्या दुपारी सुचला. बायका अंगाला हळद चोळत होत्या, गाणी म्हणत होत्या, आणि मला एकदम लख्ख दिसलं. कुणीच जात नाही. म्हणजे एकटं कुणी जात नाही. दोघंही आपापलं पुस्तक सोडतात, दोऱ्याला दोन्हीकडून धरतात आणि शिवणीत राहायला जातात. दोन पानांच्या मध्ये जी कोरी पट्टी असते ना, जिच्यावर कुठल्याच कंपनीने काही छापलेलं नसतं, तिथे. दोरा मग ओढला जात नाही, कारण तो त्या दोघांनीच धरलेला आहे. एकालाच घर सोडायला लावायचं आणि दुसऱ्याने तिथेच बसून स्वागत करायचं, ही रीत मला गोष्टीतसुद्धा मान्य नव्हती.

बारक्या मांडवात खुर्च्या उतरवून घेत होता. मी खिडकीतून हाक मारली. "बारक्या, ये ना हिकडं. शेवट सापडला."

"कशाचा?"

"आपल्या गोष्टीचा!"

"नंतर सांग तायडे. वाजंत्रीवालं आल्यात." आणि तो पळाला.

ते नंतर कधी आलंच नाही. दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या आणि संध्याकाळी मी अवसरीत होते.

सासरच्यांनी मला छळलं वगैरे नाही. नवरा सरळ माणूस आहे. लग्नानंतर एकदा त्याला मी तांबडा-मुक्याबद्दल सांगायला घेतलं, तर तो म्हणाला, "लहान पोरांचं हाय ते," आणि विहिरीवरची मोटार चालू करायला गेला. बरोबरच होतं त्याचं. बारक्या पुण्यात चित्रकलेच्या कॉलेजात गेला. पहिल्या दिवाळीला भेटला तेव्हा आनंदाने सांगत होता, की मुलाखतीला ती कॅलेंडरवरची चित्रं नेली होती, सर लई खूश झाले, लगेच घेतलं. मी म्हणाले, चांगलं झालं. आता तो एका कंपनीत कॉम्प्युटरवर परदेशी कार्टूनची चित्रं करतो. हिरोंचे हात-पाय रंगवायचे, बाकी सगळं तिकडून ठरून येतं. पगार बरा आहे. त्याचंही फार सुखाचं चाललंय असं नाही, पण ते त्याचं त्याला.

माझ्या मुलाला मी एकदा ती गोष्ट सांगायला बसले होते. दोन मिनिटं झाली असतील. त्याने विचारलं, "आई, पन जिंकलं कोन?" मी उठले आणि कपडे वाळत घातले. पुन्हा कधी सांगितली नाही.

पुढे आमच्या अवसरीत इंजिनिअरिंगचं कॉलेज आलं. गावाने भराभर खोल्या बांधल्या, आम्हीही चार बांधल्या, आणि मी मेस सुरू केली. पोरं चांगली होती, नांदेडची, जळगावची, कुठकुठची. जेवताना त्यांच्या मोबाइलवर, लॅपटॉपवर सिनेमे चालायचे. एकदा पंगतीत वाद पेटला. परदेशातल्या दोन कंपन्यांचे दोन हिरो एकत्र आले तर कोण कुणाला मारेल. ताटातली आमटी निवत होती आणि हे टेबलावर मुठी आपटत होते. मी चपात्या वाढत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "आधी ते भेटले कसे, ते तर सांगा."

मग त्यातल्या एका पोराने मला अगदी प्रेमाने, सोप्या भाषेत, कंपनी म्हणजे काय, हक्क म्हणजे काय, आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे हिरो एकत्र का येऊ शकत नाहीत, हे समजावून सांगितलं. हातातला घास तसाच धरून. शेवटी म्हणाला, "काकू, तुम्हाला आवडतं का असलं?"

"आमचं पोरगं बघतं टीव्हीवर," मी म्हणाले. त्याने आणखी एक चपाती मागितली. पोरगा उर्मट असता तर मला बरं वाटलं असतं. तो चांगला होता, आणि मी त्याच्या चपातीला तूप लावून दिलं.

त्याच वर्षी भाऊबीजेला मी राजुरीला गेले. बारक्या पुण्याहून बायको आणि मुलाला घेऊन आला होता. मुलगा पाच-सहा वर्षांचा, बापासारखाच, मान खाली घालून कागदावर रेघोट्या मारणारा. ओवाळून झालं, त्याने मला साडी दिली, जेवणं झाली. मग बारक्याने पिशवीतून एक प्लॅस्टिकची फाइल काढली. "तायडे, बघ काय आनलंय." आत आमची कॅलेंडरची पानं होती. पिवळी पडलेली, पण एकही फाटलेली नाही. त्याने ती इतकी वर्षं जपली होती. मला वाटलं, आता म्हणेल. आत्ता, बायकोसमोर, पोरासमोर, म्हणेल.

पोरगं सतरंजीवर पालथं पडून एकेक पान बघायला लागलं. बारक्या त्याला गोष्ट सांगू लागला. टाकीवरून पडणारा तांबडा, वारा, नाणेघाट, झेलणारा मुका, दोरा, टाके. माझेच शब्द. काही ठिकाणी तर मी जिथे श्वास घ्यायचे, तिथेच तो थांबत होता.

"पप्पा, ही स्टोरी कुणी बनवली?" पोराने विचारलं.

"मी," बारक्या म्हणाला. सहज. मग माझ्याकडे बघून गोड हसला. "आत्या पन असायची हां माझ्याबरोबर. आत्या मला पेन्सिलींना टोक करून द्यायची. काय सुरेख टोक करायची तुझी आत्या! ब्लेडनं."

त्याची बायको म्हणाली, "अय्या, हो ताई?"

तो खोटं बोलत नव्हता. हे समजायला मला थोडा वेळ लागला. तो चोरी लपवत नव्हता, त्याला खरंच तसंच आठवत होतं. त्याने वर बघितलं की माझे हात दिसायचे, आणि तेवढंच त्याच्या डोळ्यांत राहिलं होतं. माझा आवाज कागदात गेला आणि कागद त्याचा होता. खोटं असतं तर मी भांडले असते. भांडायची मला हौस आहे.

पोरगं शेवटच्या पानावर आलं. एक टाका, ताणलेला दोरा, दोन बाजूंना दोघं. त्याने पान उलटून बघितलं. मागे डेअरीच्या गाईचं चित्र.

"मग पुढे काय झालं?"

बारक्या अडखळला. "मग... मग तांबड्याने त्या माणसाला असा ठोसा मारला..."

"पण पप्पा, राहायला कोण गेलं? तांबडा गेला का मुका?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न बारक्याशिवाय कुणी विचारला नव्हता. गॅदरिंगच्या मांडवात नाही, मेसच्या पंगतीत नाही, माझ्या पोटच्या पोराने नाही. या एवढ्याशा पोराने बरोबर तिथे बोट ठेवलं. बारक्याने डोकं खाजवलं, छताकडे बघितलं. त्याला आठवत नव्हतं, कारण त्याला कधी ठाऊकच नव्हतं. मग तो माझ्याकडे वळला.

"तायडे, काय व्हतं गं शेवटाला? तुला आठवतंय का?"

पोरगं हातावर हनुवटी टेकून माझ्याकडे बघत होतं. बापाचेच डोळे, गोठ्याच्या सावलीतले. सगळं माझ्या ओठांवर होतं. कोरी पट्टी, दोन हात, न सुटणारा दोरा.

"मला काय ठाऊक?" मी म्हणाले. "मी तर पेन्सिलींना टोक करत होते."

बारक्या हसला. त्याला विनोद वाटला. त्याने पानं गोळा करून फाइलमध्ये घातली आणि मी मंचरची गाडी गाठायला उठले. पोरगं दारापर्यंत माझ्यामागे आलं. "आत्या, पण कोण गेलं?" असं विचारत होतं, आणि मी चपला घालत होते.